बिनभेगेची चूल

"काकी, दिलेली चूल कुनी परत मागतंय काय?"

पार्वतीच्या हातात पिठाचा गोळा होता. बोलताना तिने तो खाली ठेवला नाही. हौसा उंबऱ्याच्या आत भिंतीला पाठ लावून बसली होती. दोन्ही घरांमध्ये एका आळीचं अंतर, पण तेवढ्या चालण्यानेही तिला धाप लागली होती आणि गळ्याची शीर उडताना दिसत होती. तिची मुलगी चंद्रा दारातच उभी होती. कमरेवर पाण्याची कळशी, खांद्यावर भिजवलेलं गोणपाट.

"परत न्हाय गो मागत," हौसा श्वास गोळा करत म्हणाली. "बदलून देते. तुला नवी थापून देते. ही तेवढी मना दे."

"हिला काय झालंय? लगीन झाल्यापासून जळतेय, पन एक तरी भेग दाखव. तुझ्या हातची हाय काकी, तुझ्या!"

"म्हून तर मागते."

पार्वतीने चंद्राकडे पाहिलं. "बाई, तू तरी सांग हिला. शाळेत शिकवतेस तू."

"आई बरोबर बोलतेय, पार्वतीताई," चंद्रा म्हणाली. "त्या चुलीच्या मातीत बाबांच्या सायझिंग कारखान्यातली पांढरी पावडर आहे. तिची धूळ छातीत जाऊन बसते. ती परत निघत नाही. आईला तेच झालंय. बाबांनाही..."

"चांगदेवकाका टीबीनं गेला. सगल्या राहनाळला ठाव हाय."

 राहनाळ गावाला तसंच ठाऊक होतं, हे खरंच होतं.

"आनि सवाशिनीची चूल अशी उचलून भायेर काढत न्हाईत," पार्वतीचा आवाज चढला. "घरात वाटन्या झाल्या, भाऊ येगले निघाले, का चूल मोडतात. आमच्यात काय वाटन्या झाल्यात? तुझ्या लेकीला चूल द्यायची येल आली न्हाय, म्हून गावाच्या मोडायला निघालीस काय तू?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. पार्वतीने ती उलटली, आणि पाठमोरी होऊनच म्हणाली, "बसा. च्या टाकते."

चहा त्याच चुलीवर झाला. दोघींनी तो घेतला. नाही म्हणण्याची तिथे सोय नव्हती.

हौसाच्या चुलीचा तालुक्यात लौकिक होता. वळ गावापासून कशेळीपर्यंत कुठल्याही घरात लग्न ठरलं की हळदीच्या आधी हौसाला बोलावणं यायचं. ती यायची ती टोपली घेऊन, आणि मातीला हात लावण्याआधी नवरीला समोर बसवायची. "दे गो बाय, वीत दे." नवरीने मातीवर पंजा ताणायचा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढा भरेल, तेवढंच चुलीचं तोंड. लांब बोटांच्या मुलीला मोठ्या तोंडाची चूल, इवल्याशा हाताच्या मुलीला बेताची. मग नवरीने स्वतः माती मळायची. कोपरापर्यंत हात घालून मळायची, बायका भोवती बसून चेष्टा करायच्या, आणि हौसा म्हणायची, "मल गो, चांगली मल. तुझा हात लागला का चूल तुझी. सासू गेली उडत."

पूर्वी तिच्याही चुलींना भेगा जायच्या. खाडीकाठची माती चिकट. तिच्यात भाताचा तूस घाला, शेण घाला, वाळताना ती कुठे ना कुठे उलायचीच. हौसाला त्या भेगा जिव्हारी लागायच्या. तिचा नवरा चांगदेव भिवंडीत सायझिंगमध्ये होता. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात तो कारखाना. तिथे बॉयलर, बॉयलरला वाफेचे पाइप, आणि पाइपांमधली वाफ थंड होऊ नये म्हणून त्यांवर एका पांढऱ्या पावडरीचा जाड लेप. तो लेप कालवायचा, थापायचा, पाइप गळला की जुना फोडून काढायचा, हे चांगदेवचं काम. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा भुवयांपासून पायांपर्यंत पांढरा असायचा. चंद्रा लहानपणी त्याला पाहून टाळ्या पिटायची आणि त्याच्या गळ्यात पडायची.

त्याचा शर्ट हौसा मागच्या दारी दगडावर आपटून झटकायची, मग धुवायची. धुण्याच्या पाण्याखाली कापसासारखा एक थर बसायचा. वाया काही घालवायचं नाही ही तिची सवय. एकदा तिने तो थर चुलीच्या मातीत कालवला. ती चूल वाळली, पेटली, तिच्यावर एका लग्नाचा भात रटारटा शिजला, आणि तिला भेग गेली नाही.

त्यानंतर चांगदेवच्या डब्याला नवं काम लागलं. सकाळी त्यातून भाकरी जायची, संध्याकाळी पांढरा कापूस यायचा.

"जगातला मी एकटा नवरा," तो म्हणायचा, "जो बायकोला डब्यात कापूस आनून देतो आनि बायको खूश होते."

"सोनं आन मंग."

"सोनं आगीत पाघलतं. हे जलत न्हाय."

सायझिंगचे मालक नूर मोहम्मद शेठ एकदा डबा उघडा पाहून हसले होते. "ले जा, ले जा, चांगदेव. घर में भी बॉयलर बिठाया क्या?" ते स्वतः बॉयलरच्या शेजारच्या खोलीत बसायचे. त्यांच्या टेबलावरही ती धूळ रोज बसायची आणि ते ती बाहीने पुसायचे. हे काय आहे, ते कुणालाच कुणी सांगितलेलं नव्हतं. पोत्यांवर काही छापलेलं असायचं, ते इंग्रजीत.

त्र्याऐंशीच्या सुमारास चांगदेवला खोकला लागला. मग धाप. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि टीबी सांगितला. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, गोळ्यांनी लघवी लाल झाली, खोकला तसाच राहिला. पुन्हा गोळ्या. शेठने दूध लावून दिलं. हौसाने त्याचं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, अंथरूण पडवीत टाकलं. चंद्राला त्याच्याजवळ जायची बंदी झाली, आणि ती बंदी खरं तर त्यानेच घातली होती. "लांब बस बाय. लांबूनच वाच." ती उंबऱ्यात बसून त्याला पेपर वाचून दाखवायची. वाऱ्याची दिशा बदलली की तो हाताने तिला अजून मागे सरकायची खूण करायचा.

आपल्यामुळे लेकीला काही होऊ नये म्हणून तो चार वर्षं पडवीत राहिला. आत, ज्या चुलीपाशी ती अभ्यासाला बसायची, त्या चुलीत त्याने डब्यातून आणलेला कापूस होता.

तो गेला सत्याऐंशीत. पण टीबी घरातच राहिला. चंद्राला बघायला येणारी माणसं कशेळीच्या नाक्यावर चौकशी करायची आणि तिथूनच परत फिरायची. एक स्थळ तर सुपारीपर्यंत येऊन मोडलं. हौसाने तेव्हा माती भिजवून ठेवली होती. ती आठवडाभर तशीच ओल्या फडक्याखाली राहिली, मग सुकली.  चंद्रा शाळेत नोकरीला लागली, तिने पुस्तकांचं कपाट घेतलं, आणि हौसा गावच्या मुलींच्या विती मोजत राहिली.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात हौसाचा खोकला थांबेना, तेव्हा गावात सगळ्यांनी एकच निदान केलं: नवऱ्याचा लागला. चंद्रा तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि आजाराबद्दल न विचारता घराबद्दल विचारलं. यजमान काय करायचे? सायझिंगमध्ये कुठे? कपडे कोण धुवायचं?

"मीच. आधी आपटायचे, मंग धुवायचे."

"हा टीबी नाही, बाई."

मग त्यांनी चंद्राला ॲस्बेस्टॉस हा शब्द सांगितला. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात रुततात, त्यांच्याभोवती फुप्फुस घट्ट होत जातं, आणि हे समजायला वीस वीस वर्षं लागतात. चंद्राला तो शब्द माहीत होता. शाळेच्या नव्या छपराचे सिमेंटचे पत्रे त्याच नावाने आले होते.

"माझ्या वडिलांना..." तिने विचारलं.

"त्यांचा फोटो आज आपल्याकडे नाही. त्यामुळे नक्की सांगता येणार नाही. पण बहुधा तेच."

बहुधा. चार वर्षांची पडवी, वेगळं ताट, नाक्यावरून परत गेलेली माणसं, सगळं त्या एका शब्दात बसवून डॉक्टर पुढच्या कागदाकडे वळले.

तेवढ्यात हौसा म्हणाली, "आनि डाक्टर, ते मातीत कालवलं तर?"

तिने सगळं सांगितलं. डबा, चुली, नवऱ्या. डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले की अख्खी, लिंपलेली चूल त्यामानाने कमी वाईट. पण रोज खरवडणं, राख ओढणं, कड झिजणं यातून थोडं थोडं सुटत राहणार. कुणाला किती, ते कुणीच सांगू शकणार नाही. "काढायचीच झाली तर पूर्ण भिजवून, अख्खी उचलून, खोल पुरायची. कोरडी फोडायची नाही. अजिबात नाही."

परतीच्या एस.टी.त हौसा खिडकीशी बसली होती. कशेळीचा पूल आला, खाडीचा वारा आत शिरला, तेव्हा तिने चंद्राचा हात ओढून मांडीवर घेतला.

"चंद्रे, मी त्यांना मलायला लावली गो," ती म्हणाली. "कोपरापर्यंत."

घरी येताच तिने स्वतःची चूल भिजवून काढायला लावली. आणि त्यानंतर आपल्या सगळ्या चुली घराघरांतून परत आणायच्या, एवढं एकच काम तिने धरलं. मरायच्या आधी. हे तिने बोलून दाखवलं नाही, पण सकाळी उठून ती पदर खोचायची तेव्हा ते दिसायचं. सुरुवात पार्वतीपासून केली, कारण पार्वतीची चूल तिला सर्वांत जास्त आवडायची.

पार्वतीकडून सुरू झालेला नकार गावभर फिरला. म्हातारीला भ्रम झाला. म्हातारीला चुलीत देव दिसला. कुणी म्हणालं, लेकीने पुस्तकं वाचून वाचून आईचं डोकं फिरवलं. कुणी हसून दारातूनच विचारायचं, "काकी, आमची सासू पन मातीचीच हाय, तिला नेतेस काय?"

एकटी कुबरा निघाली देणारी. कुबराच्या घरी लूम होते, ईदला मोठं जेवण व्हायचं, आणि हौसाने तिला दोन तोंडांची चूल बांधून दिली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पान थुंकलं आणि म्हणाली, "ने गो ने. ती चूल नाय, माझी सवत हाय. थंड म्हनून होयत नाय मेली. पन एक सांग, बिर्यानी आता तुझ्या टकुऱ्यावर शिजवू?"

कितीतरी दिवसांनी हौसा हसली आणि हसता हसता खोकली. ती चूल त्यांनी पाणी घालून घालून चिखलासारखी केली, गोणपाटात बांधली, हौसाच्या वाट्याला उरलेल्या जमिनीच्या तुकड्यात खोल पुरली. बाजूला नवं गोडाऊन उभं राहत होतं. वरती माणसं सिमेंटचे पत्रे करवतीने कापत होती आणि पांढरा भुसा वाऱ्यावर खाली येत होता. चंद्राने हाका मारल्या. त्यांनी वरून हात हलवला.

मग चिंधूचं झालं.

चिंधूने जमीन विकून बंगला बांधला होता. घरात गॅस आला होता आणि हौसाची चूल मागच्या अंगणात पडून होती. "काकी, आमाला काय तिचा उपेग न्हाय, घेऊन जा," असा त्याने आपण होऊन निरोप पाठवला. निरोप ऐकून हौसा लहान मुलीसारखी लगबगीने निघाली. वाटेत दोनदा बसली, पण थांबली नाही. त्यांना यायला वेळ लागतोय हे पाहून चिंधूला दया आली. एवढं ओझं ही आजारी बाई कशी नेणार? घमेल्यातून न्यायला सोपं जाईल म्हणून त्याने पहार घेतली.

मायलेकी कोपऱ्यावर पोचल्या तेव्हा दुसरा घाव बसत होता. हौसा ओरडली, पण तिचा आवाज आता हाताच्या अंतरापलीकडे जात नव्हता. तिसरा, चौथा. उन्हात पांढरी वाफ उठावी तसं काहीतरी उठलं, सावकाश पसरलं. शेजारी चटईवर भात वाळत होता, त्याच्यावर बसलं. दोरीवरच्या कपड्यांवर बसलं. चिंधूची बायको नातीला कडेवर घेऊन बघत उभी होती.

"आत जा!" चंद्रा धावत सुटली. "वहिनी, पोरीला आत न्या!"

हौसाने चंद्राच्या कमरेवरची कळशी आधीच ओढून घेतली होती. ती त्या ढिगाकडे धावली, खरोखर धावली, आणि कळशी उपडी करून तिथेच गुडघ्यांवर बसली. डोक्यावरचा पदर काढून तिने तो ओल्या तुकड्यांवर घातला.

"काकी, अवो उठा," चिंधू ओशाळून म्हणाला. त्याच्या मिशांवर पांढरं होतं. "मी म्हटलं तुमाला जड व्हईल. चांगलं करायला गेलो तर..."

"चांगलंच केलंस रं," हौसा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी पन चांगलंच केलं व्हतं."

त्या दिवसापासून तिने चूल मागणं बंद केलं. कारण आता हट्टाने मागितली तर लोक ती देतील, पण फोडून देतील, हे तिला कळलं होतं. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी चंद्राला म्हणाली, "माती आन. नुसती. चिकट बघून आन."

आणि मग ती पुन्हा दारोदार जाऊ लागली, चूल लिंपायला. ओल्या मातीचा जाड थर, आतून, बाहेरून, तोंडाच्या कडेवर दोनदा. "खरवडू नको. झिजलं का मना सांग. आनि मोडायची येल आली तर चंद्रीला बोलव, तवर हात लावू नको." लिंपण्यासाठी आलेल्या हौसाला कुणी नाही म्हटलं नाही. सणाआधी फुकट हात मारून मिळतोय! बायका पाट द्यायच्या, पाणी द्यायच्या. पार्वतीसुद्धा म्हणाली, "बघ काकी, आली ना ताळ्यावर? उगाच मोडीत व्हतीस." हौसा तिच्या चुलीच्या पोटात हात घालून माती चोपडत होती. तिने मान हलवली. "व्हय गो. आली."

पावसाळाभर हे चाललं. हौसाच्या ओठांचा रंग निळसर झाला, बोटांची टोकं फुगली, एका चुलीला दोन दिवस लागायला लागले. चंद्रा माती मळून द्यायची. आई, पुरे झालं, असं तिने एकदाच म्हणून पाहिलं.

"तू शाळेत पोरांचं चुकलेलं पुसून देतेस का न्हाय?"

"देते."

"मंग?"

दसरा झाल्यावर हौसाला घराबाहेर पडता येईना. एका दुपारी तिने स्वतःच्या घरात, जुन्या चुलीच्या रिकाम्या जागेजवळ चंद्राला बसवलं. समोर मातीचा गोळा होता, त्यात तूस कालवलेला.

"वीत दे."

चंद्राला क्षणभर समजलं नाही. समजल्यावर तिला उठून जावंसं वाटलं. कानशिलांवरचे तिचे केस पांढरे झाले होते. "आई, हे काय आता..."

"दे गो बाय. माझा दम सरतो."

तिने पंजा ताणला. हौसाने कडेने काडीने खूण केली. मग चंद्राने माती मळली, कोपरापर्यंत. चेष्टा करायला भोवती कुणी नव्हतं. ती चूल बांधायला हौसाला पुष्कळ दिवस लागले. शेवटी ती आडवी पडूनच हात फिरवत होती. वाळताना चूल डाव्या अंगाला उलली. वरपासून खालपर्यंत चांगली बोट जाईल एवढी भेग. चंद्राला वाटलं, आता आई रडेल. हौसाने भेगेत बोट घातलं, फिरवलं, बाहेर काढून बोटावरची माती पाहिली. निव्वळ माती होती. ती तिने अंगठ्याने चोळली आणि झोपी गेली.

दिवाळीआधी ती गेली.

सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत. पहिल्या दिवशीचं जेवण पार्वतीकडून आलं. पिठलं, भात, भाकरी, फडक्यात बांधून, अजून गरम. तिचे डोळे रडून सुजले होते. "काकीच्याच चुलीवर केलंय बाय. दोन घास खा." चंद्राने भाकरीचा तुकडा मोडला. भाकरी छान फुगली होती, कुठेही करपली नव्हती. पार्वती समोर बसून होती, म्हणून तिने तो खाल्ला.

ताट उचलताना पार्वतीचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. नवी, अजून न पेटलेली चूल, आणि तिच्या अंगावरची ती भेग. पार्वतीने जवळ जाऊन पाहिलं, बोट लावलं.

"ही कुनी थापली गो? ही काय हौसाकाकीच्या हातची न्हाय."

चंद्रा उठली. तिने चुलीच्या तोंडावर आपला पंजा ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत नेमका भरला.

"तिचीच आहे," ती म्हणाली.